परतवलेला घोडा

मुख्याध्यापकांचे काका वारले तेव्हा आम्ही सगळा स्टाफ भेटायला गेलो होतो. पडवीत सतरंजी, तिच्यावर आम्ही मांडी घालून, आणि मधोमध मुख्याध्यापक डोळे पुसत सांगत होते, "शेवटपर्यंत शुद्धीवर होते जी. रामनाम घेतलं अन् मान टाकली." सगळ्यांनी माना हलवल्या. तेवढ्यात खांबाशी बसलेल्या सरांनी विचारलं, "कोणं ऐकलं?"

मुख्याध्यापक डोळे पुसायचे थांबले.

"नाही, म्हणजे त्या वक्ती खोलीत कोण होतं? तुमी तर भंडाऱ्याले मीटिंगमध्ये होते."

खोलीत फक्त सून होती. तिला सरांनी निघता निघता, चपला घालताना विचारून घेतलं. मामाजींचा, म्हणजे तिच्या सासऱ्यांचा, शेवटचा शब्द 'पंखा' होता. लाव म्हणत होते की बंद कर, एवढं मात्र तिला सांगता आलं नाही, आणि पुढे कितीतरी दिवस सरांना त्याचीच हळहळ. मुख्याध्यापकांची हळहळ वेगळी होती. ती त्यांनी सरांच्या गोपनीय अहवालात व्यवस्थित उतरवली.

हे आमचे इतिहासाचे सर. मी त्याच शाळेत चित्रकला शिकवतो. शाळा भंडारा जिल्ह्यातल्या कोंढ्यापासून थोडी आत, धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, मधोमध. आजूबाजूच्या खेड्यांतली मुलं सायकलींवर येतात. चित्रकला आणि इतिहास या दोन विषयांची शाळेतली किंमत साधारण सारखीच. गणिताचा पोर्शन राहिला की पहिला माझा तास जातो, मग सरांचा. त्यामुळे आमची मैत्री झाली असं लोक समजतात. मैत्री वगैरे काही नव्हती. मला त्यांचा राग यायचा आणि ते रजेवर असले की करमायचं नाही, एवढंच.

त्यांच्या खिशात दोन पेनं असत. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं लाल शाईत लिहायचं, दुसऱ्याकडून कळलेलं निळ्या शाईत, असा त्यांचा नियम. तो इतिहासापुरता असता तर कोणाची हरकत नव्हती. एकदा त्यांनी रजेचा अर्ज दिला. 'मला ताप आला' हे लाल, 'डॉक्टरांच्या मते टायफॉइड आहे' हे निळं. बाबूने अर्ज परत पाठवला. सरांनी त्याच्याखाली 'अर्ज परत आला' असं लाल शाईत लिहून पुन्हा पाठवला.

सर मूळचे बपेऱ्याकडचे, पार मध्य प्रदेशाच्या सीमेवरचे, आणि घर विणकरांचं. हातमागावर बसणाऱ्याच्या घरात धागा न् धागा तपासायची सवय लागतच असणार, असं मी एकदा कौतुकाने म्हणालो. "माह्या बापानं तर माग इकून किराणा टाकला होता," सर म्हणाले, "तुमी कवितेत जाऊ नका."

दरवर्षी जिल्ह्याचं पत्र येतं: विद्यार्थी इतिहास संशोधन स्पर्धा. पत्रात लिहिलेलं असतं की विद्यार्थ्यांमध्ये चिकित्सक वृत्ती वाढावी, त्यांनी प्रश्न विचारावेत, स्थानिक इतिहासाचा शोध घ्यावा. एवढं वाचून झालं की मुख्याध्यापक पत्र उलटून पाहतात, कारण फोटो किती अपलोड करायचे ते मागच्या बाजूला असतं. मग ते मला बोलावतात. संशोधन म्हणजे थर्माकोल, आणि थर्माकोल म्हणजे मी.

जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांचं संशोधन एकच असतं: किल्ला. आमच्या भागात धान आहे, तलाव आहेत, जंगल आहे. पण स्पर्धेच्या दिवशी हॉलमध्ये पाहावं तर अख्खा सह्याद्री टेबलांवर उतरलेला. पवनीला खराखुरा जुना किल्ला आहे, बसने जाऊन पाहता येतो, पण तो थर्माकोलइतका स्वच्छ नाही म्हणून कोणी घेत नाही. माहिती झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळते. दुकानदार फक्त विचारतो, "पाचवी ते आठवीचं देऊ का नववी-दहावीचं?" हल्ली तेवढाही त्रास नाही. मोबाईलला सांगितलं की तो प्रस्तावना, उद्दिष्टे, निष्कर्ष आणि ऋणनिर्देश काढून देतो. ऋणनिर्देशात आईवडिलांचे आभार असतात, आणि सगळ्या प्रकल्पात तेवढेच खरे असतात, कारण कापाकापी आणि चिकटवाचिकटवी त्यांनीच केलेली असते.

सरांनी फळ्यावर सूचना लावली होती: 'थर्माकोल आणल्यास परत नेण्याची जबाबदारी पालकांची राहील.' त्यांचे विषयही त्यांच्यासारखेच. शाळेची घंटा कुठून आली? अमुक गल्लीला तेच नाव का? बसचा थांबा इथंच का? हा शेवटचा विषय दोन मुलांनी घेतला आणि एका म्हाताऱ्या ड्रायव्हरला गाठून शोधून काढलं की थांबा ठरला त्या काळी तिथे चहा चांगला मिळायचा. दुसरं काही कारण नव्हतं. सरांना झालेला आनंद मी पाहिलाय. माणसाला मुलगा झाल्यावर होतो तसा. तालुक्याच्या परीक्षकांनी मुलांना विचारलं, "यातून समाजाला संदेश काय?" मुलं म्हणाली, "संदेश नाही जी, चहा होता." त्यांना सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं. सरांच्या मुलांना नेहमी सहभागाचंच मिळायचं.

चिकित्सक वृत्ती मात्र वाढली, आणि नको तिथे वाढली. एका पालकसभेत एक बाई उठल्या. "सर, माहा पोट्टा घरी पुरावा मागून राहिला. मी त्याले म्हटलं, तुहे बाबा लहानपणी पहाटे उठून अभ्यास करत होते. तर हा जाऊन आजीले इचारून आला."

"मंग? आजी काय म्हणाली?" सरांनी खुर्ची पुढे ओढली.

बाईंनी शेजारच्या नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि खाली बसल्या. त्यानंतरच्या स्टाफ मीटिंगमध्ये मुख्याध्यापक म्हणाले, "स्पर्धेत चिकित्सक वृत्ती दाखवायची असते जी, घरी न्यायची नसते." ते वाक्य मला तरी अजून विसरता आलेलं नाही. शिक्षण खात्याचं सगळं धोरण त्यात आलं.

सरांची आणखी एक गोष्ट आहे, ती सांगितली तर आमच्याकडे कोणाला खरी वाटत नाही. त्यांनी उभ्या आयुष्यात नाटक पाहिलं नव्हतं. झाडीपट्टीत राहून! दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, जत्राच ती, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, सोयरिकी जुळतात, आणि गावातलेच कोणी तरी तोंडाला रंग लावून उभे राहतात. मी स्वतः हंगामात नाटकाचे पडदे रंगवतो. शाळेपेक्षा तिथे मान जास्त आहे. सरांना कितीदा बोलावलं. "जे घडलंच नाही ते पाहून लिहू कशानं? लाल का निळ्यानं?" म्हणायचे, आणि मंडईच्या दिवसांत दार लावून घरात बसायचे. नाटक न पाहिलेल्या माणसाचं आमच्या भागात काय होऊ शकतं, ते मला त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी कळलं.

ती त्यांची शेवटची स्पर्धा. तोवर त्यांच्या एकाही विद्यार्थ्याने कुठलंच बक्षीस आणलं नव्हतं. त्याचं आपल्याला काही वाटत नाही असं ते म्हणत, पण निकाल लागला की डबा न उघडता घरी परत न्यायचे. त्या वर्षी आठवीतली आचल विषय घेऊन आली. आचल पलीकडच्या खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी, बोलायला कोणाच्या बापाला न घाबरणारी. तिच्या गावात एक गोष्ट लहानथोरांना पाठ होती. इंग्रजांच्या काळात एक गोरा साहेब घोड्यावर बसून तलावावर आला. तलावाचं पाणी शेतात सोडायचं जे तोंड असतं त्याला आमच्याकडे तुडुम म्हणतात. ते बंद करा, असा त्याने हुकूम दिला. तेव्हा गावचा एक शेतकरी पुढे झाला, त्याने घोड्याचा लगाम धरला आणि म्हणाला, पाणी आमचं आहे, तलाव आमच्या बापजाद्यांनी खोदला आहे, तू परत जा. आणि साहेबाने घोडा परतवला.

गावाला या गोष्टीचा भारी अभिमान. ग्रामपंचायतीने कमानीचा ठरावही घेतला होता. कमानीवर घोडा बसवायचा, आणि त्याचं तोंड गावाबाहेर.

सरांनी अर्थातच विचारलं, "कोणं पाह्यलं?"

"बहुत लोकाईनं, सर," आचल म्हणाली.

आणि खरंच तिने एकामागून एक म्हातारे उभे केले. सगळे छातीवर हात ठेवून सांगत, "म्या सोताच्या डोयानं पाह्यलं." साहेबाची तांबडी मिशी, कमरेचा पट्टा, घोड्याच्या पायातली घुंगरं, सगळं जुळत होतं. घुंगरांपाशी सर जरा अडले. मग त्यांनी नोंद केली: 'घोडा स्थानिक असून भाड्याने घेतला असावा.' वय विचारलं की म्हातारे म्हणत, "असंन नव्वदच्या वर." आमच्याकडे दात पडले की माणूस नव्वदीचाच असतो, हे सरांना माहीत नव्हतं असं नाही. एरवी त्यांनी शाळेचा दाखला मागितला असता. या वेळी नाही मागितला. दुसऱ्यांच्या डोळ्यांनी पाहिलेलं, तरी सगळं लाल शाईत लिहून घेतलं. माणूस कितीही पुराव्याचा असो, एखादा घोडा परतलेला त्यालाही हवा असतो.

तालुक्याला आचल पहिली आली. शाळेत बॅनर लागलं. त्यावर मुख्याध्यापकांचा फोटो मोठा, आचलचा लहान, आणि सरांचा त्याहून लहान. त्यात सरांचं तोंड अर्धवट उघडं, बहुतेक फोटोग्राफरला काही विचारत असावेत. सरांनी त्या दिवशी स्वतःच्या हाताने पेढे वाटले. वाटताना कोणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हते. मला त्यांचा राग यायचा म्हणून सांगितलं ना. त्या दिवशी नाही आला.

जिल्ह्याच्या फेरीसाठी मोठं चित्र हवंच, असा मुख्याध्यापकांचा हुकूम निघाला. सर कधी नव्हे ते नमले. "चित्र चालंन. पण साक्षीदार सांगतेत तसंच काढायचं. मनचं नाही." म्हणून आचल माझ्याजवळ बसून एकेकाचं सांगणं वाचत होती आणि मी काढत होतो.

"मागं नदी काढा, सर."

"नदी? तुह्या गावाले नदी कुठी हाये?"

"पण सगळेच सांगतेत नं. नदी, पलीकडे महाल, महालाच्या पायऱ्या, अन् पायऱ्याईवर दोन मोर. वरून लाल झालर."

"झालर? आभाळाले?"

"हो. अन् कोपऱ्यात एक माणूस पेटी वाजवून राहिला."

माझा ब्रश थांबला. नदी, महाल, पायऱ्या, दोन मोर. हा देखावा मला डोळे मिटून काढता येतो. झाडीपट्टीत भाड्याचा एकच पडदा मिळाला तर तो हाच असतो. पुढे जंगल असो, झोपडी असो की लढाई, मागे हाच महाल आणि हेच मोर. म्हाताऱ्यांनी पाहिलं ते खरंच पाहिलं होतं. फक्त ते मंडईत पाहिलं होतं.

मी आचलला सांगितलं आणि तिला घेऊनच सरांकडे गेलो. "सर, तुमच्या साहेबाच्या मागं नाटकाचा पडदा हाये." त्यांना आधी कळेचना. नाटक न पाहिलेल्या माणसाला पडदा समजावून सांगणं किती अवघड असतं ते मला त्या दिवशी कळलं. कळल्यावर त्यांनी वहीतली लाल शाईची पानं एकदा उलटून पाहिली. मग म्हणाले, "हे तुमचं अनुमान झालं. गावात चाला."

गावाने साक्षीदार म्हणून सगळे पुरुषच पुढे केले होते. बायांना काय माहीत, असं म्हणून. आचलच्या घराशेजारी भागरथा आजी राहायची. गावातली सगळ्यात म्हातारी, माहेर तेच आणि सासरही तेच. तिला कोणी विचारलंच नव्हतं. आम्ही गेलो तेव्हा ती अंगणात लाखोळीची भाजी निवडत होती. आचलने साहेबाचं विचारलं तशी ती तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"साहेब कायचा वं! तो आमचा बुढा होता, माहा नवरा. मिशी मक्याच्या केसाची. पॅन्ट माह्या भावाची, पोलिसात होता तो. घोडा पवनीचा, वरातीतला. तोंडाले पीठ फासलं होतं, ते घामानं वघळून राहिलं होतं. मी पुढंच बसली होती."

आचलचा चेहरा पडला. सरांनी खाली बसून विचारलं, "म्हणजे आजी, असं काही झालंच नाही?"

आजीचा हात भाजीत थांबला.

"झालं जी. पण तसं नाही झालं."

मग तिने सांगितलं. ती लहान होती, तलावाच्या पाळीवर बकऱ्या चारत होती. साहेब-बिहेब कोणी आला नव्हता. आला तो मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा, दिवाणजी, आणि पायी आला. धान लोंबीवर होतं, शेवटचं पाणी पाहिजे होतं. त्याने तुडुम बंद करायला लावला. अख्खा गाव पाळीवर उभा होता. "कोणं काही म्हटलं नाही. जो पुढं होता, तो माहा सासरा. तवा सासरा नव्हता, मंग झाला. त्यानं हात जोडले. त्याचं पाहून सगळ्याईनं जोडले. दिवाणजी हासला अन् चालला गेला. धान सुकलं."

"मंग नाटकात गोरा साहेब काहून आणला?" आचलने विचारलं.

"अवं, नाटकाची बत्ती मालगुजाराच्या घरून ये. सतरंज्या त्याईच्याच. पुढच्या खुर्चीवर तेच बसत. त्याईले वाईट कसं दाखवंन? अन् इंग्रज तर तोवर निघून गेला होता. त्याले काही म्हटलं तरी चालत होतं."

मला हसू फुटलं. सर हसले नाहीत.

"दरसाल मंडईले तेच नाटक होये," आजी म्हणाली. "दरसाल बुढा परत जाये अन् लोक टाळ्या वाजवत. पाहता पाहता तेच खरं झालं. म्या म्हटलं, होऊ दे. जोडलेले हात कोणाले आठवू वाटतेत?"

परतताना सर गाडीवर माझ्या मागे बसले होते. मी म्हटलं, "सर, सोडा आता. जिल्ह्याले कोणाले माहीत हाये? तुमचं शेवटचं वर्ष हाये. बक्षीस हाताशी आलं." दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना सांगितलं तर ते उडालेच. "नाटक-फाटक काही नाही! कमानीचा ठराव झाला, तालुक्याचा पहिला नंबर झाला. ग्रामसभेत मंजूर झालेला इतिहास आहे तो." आचलच्या बापाला गावाने गाठलं आणि बापाने तिला दम दिला की गावाचं नाव खराब करशील तर याद राख. पोर दोन दिवस शाळेत गप्प बसून होती.

सरांनी काय ठरवलं ते मला कळेना. त्यांना बक्षीस हवं होतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. त्यांनी नवा शर्ट शिवायला टाकला होता, आणि शिंपी माझ्या ओळखीचा आहे. पण आचलने रडवेलं होऊन विचारलं, "सर, काय सांगू?" तेव्हा ते म्हणाले, "संशोधन तुहं हाये. मी सांगतलं तर ते माहं होईन." एवढंच. तिला धीराचे दोन शब्द दिले असते तर काय बिघडलं असतं? मला त्यांचा पुन्हा राग यायला लागला.

भंडाऱ्याच्या हॉलमध्ये किल्लेच किल्ले. काहींवर दिवे लुकलुकत होते, आणि एका किल्ल्याच्या बुरुजातून बटण दाबलं की धूर निघत होता. परीक्षक वाकवाकून धूर पाहत होते. आमचं टेबल कोपऱ्यात. मागे माझं चित्र: नदी, महाल, मोर, झालर, आणि घोडा परतवणारा साहेब.

आचल उभी राहिली. तिने चित्राकडे हात केला आणि म्हणाली, "हा आमच्या गावचा तलाव नाही. हा पडदा आहे." आणि मग तिने सगळं सांगितलं. मिशी, पॅन्ट, वरातीचा घोडा, मालगुजाराची बत्ती. शेवटी जोडलेले हात. ते सांगताना तिचा आवाज बारीक झाला, पण थांबला नाही.

मुख्य परीक्षक समजूतदार गृहस्थ होते. चष्मा काढून म्हणाले, "म्हणजे बाळ, तुझ्या गावात काहीच घडलं नाही?"

"घडलं नं, सर," आचल म्हणाली, आणि शुद्ध बोलायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही. "जो खरंच आला होता त्याले आमच्या लोकाईले परत पाठवता नाही आलं. म्हणून नाटकात एक साहेब आणला, अन् त्याले परत पाठवला. दरसाल पाठवला."

तेवढ्यात मागून टाळ्यांचा आवाज आला. नव्या शर्टातले आमचे सर एकटेच उभे राहून टाळ्या वाजवत होते. एक कार्यकर्ता धावत आला. "पालकांनी टाळ्या वाजवू नये."

"मी पालक नाही," सर म्हणाले आणि वाजवत राहिले.

बक्षीस धुराच्या किल्ल्याला गेलं. आचलच्या गुणपत्रिकेवर शेरा होता: 'विषय नोंदणीप्रमाणे नाही. निष्कर्ष नकारात्मक. चित्र उत्तम.' इतक्या वर्षांत माझ्या कामाची सरकारदरबारी घेतली गेलेली ही एकमेव दखल. सरांनी तो शेरा वाचला, कागदाची घडी घातली आणि आचलला म्हणाले, "मी इतकी वर्षं शिकवलं. हे असं कोणं करून नव्हतं दाखवलं." ती रडायला लागली. ती बक्षिसासाठी रडत नव्हती. "आता गावात कसं जाऊ, सर?" म्हणत होती.

म्हणून आम्ही दोघंही तिच्यासोबत तिच्या गावाच्या फाट्यावर उतरलो. दिवस मावळत होता. बातमी आमच्या आधी पोचली होती; हॉलमधल्या कोणी तरी तिचं बोलणं मोबाईलवर घेतलं होतं आणि ते गावच्या ग्रुपवर फिरत होतं. थांब्यावर माणसं जमलेली. त्यांत तिचा बाप, खाली मान घालून. सरपंच पुढे झाला. "मास्तर, गावाची इज्जत तुमी भंडाऱ्याले नेऊन मांडली."

आचल सरांच्या मागे सरकली. तेवढ्यात माणसांतून वाट काढत भागरथा आजी पुढे आली.

"माह्या सासऱ्याचं सांगतलं का वं?"

"हो, आजी."

"हात जोडले, तेही?"

"हो."

"एकट्यानंच जोडले असं तर नाही सांगतलं?"

"नाही. सगळ्याईनं जोडले, असं सांगतलं."

"मंग बरं केलं," आजी म्हणाली. "मी मेली असती तर कोणं सांगतलं असतं?"

मग साक्षीदारांपैकी एक म्हातारा, ज्याने आम्हाला मोर सांगितले होते, तो खाकरला. "माह्या बापानं जोडले होते. माय सांगत होती." त्याच्या शेजारचा हळूच म्हणाला, "माह्याही." मागे उभ्या एकाने नुसती मान हलवली आणि डोळे पुसले.

सरपंचाने सगळ्यांकडे पाहिलं. त्याचा आवाज एकदम उतरला. "आमच्या आज्यानं तर पाय धरले होते," तो म्हणाला. "घरात कोणी बोलत नाही."

आचलच्या बापाने पुढे होऊन तिच्या खांद्यावरची पिशवी घेतली. आमच्याकडे जाणारी शेवटची बस आली, हॉर्न वाजवून थांबली. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी ड्रायव्हरला जा म्हणून हात केला. मग ते थांब्याच्या कट्ट्यावर बसले, सरकून सरपंचाला शेजारी जागा केली आणि म्हणाले, "सांगा जी. मी ऐकून राहिलो."